‘ताई, हे खोटं आहे’च्या पुढं: जुने गिलिटाचे दागिने पारखायचे आणि विकायचे कसे

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जुना दागिना घेऊन गेलं की काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. सराफ कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढतो, काचेच्या काडीनं तिच्यावर आम्लाचा थेंब टेकवतो, रेघ विरून गेली की दागिना काउंटरवरून परत सरकवतो आणि म्हणतो, “ताई, हे खोटं आहे.” त्याच्या हिशेबानं तो बरोबरच असतो. वजन गुणिले भाव, वजा घट, एवढंच त्याचं गणित. ज्याला मोडीचा भाव नाही ते त्याच्या लेखी काहीच नाही. मग आपण घरी येतो आणि डबा माळ्यावर टाकतो, नाहीतर नातीला भातुकलीत खेळायला देतो.

माझा धंदा या वाक्यानंतर सुरू होतो. जुने गिलिटाचे हार, काचेच्या खड्यांचे ब्रोच, खोट्या मोत्यांचे तन्मणी, आत्या-मावश्यांनी परदेशातून आणलेल्या कानातल्या क्लिपा मी विकत घेते, ओळखते, साफ करते आणि विकते. माझे सासरे विट्याकडचे गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातल्या कितीतरी घरांसारखं त्यांचंही आयुष्य परमुलखात सोनं-चांदी आटवण्यात गेलं. धातू मी आबांकडून शिकले. पण त्यांची एक सवय सोडल्यावरच मला हे काम जमायला लागलं. दागिन्याला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, याच्याशी आबांना देणंघेणंच नसे. मुशीत दोन्ही सारख्याच वितळतात. इमिटेशनमध्ये मात्र पुढच्या बाजूला फक्त शोभा असते. किंमत मागच्या बाजूला लिहिलेली असते.

डबा उघडल्यावरचा पहिला तास

पहिली इच्छा होते ती सगळं घासूनपुसून चकचकीत करायची. तेवढी आवरा. पांढऱ्या कापडावर सगळं पसरा आणि आहे तसा फोटो काढा. एका पुरचुंडीत सापडलेल्या वस्तू एकत्रच ठेवा. हार, कानातलं आणि ब्रोच एकाच नमुन्याचे निघाले तर संच होतो, आणि संचाला सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा जास्त पैसे मिळतात. जुनं खोकं, दुकानाचं नाव असलेली डबी, पावती, यांतलं काहीही फेकू नका.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ चहा घेऊन बसा. हे कुणी आणलं, कुठून आणलं, कुणाच्या लग्नात घातलं होतं, ते विचारा आणि लगेच कागदावर लिहून घ्या. लग्नाच्या अल्बममध्ये तोच ब्रोच पदराला लावलेला दिसला तर सोन्याहून पिवळं. त्या फोटोची नक्कल दागिन्याबरोबर दिली की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. मात्र कागदाचा आधार नसलेली गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच नाटक उभं केलं, त्यामुळं सांगली नाट्यपंढरी झाली हे खरं. पण त्या जोरावर गावातला प्रत्येक गिलिटाचा बाजूबंद ‘नाटक कंपनीतला’ होत नाही. असं सांगणारे विक्रेते मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी चहा पाजते, भाव वाढवून देत नाही.

काही वस्तू मी हातात घेऊन परत करते. हस्तिदंती बांगड्या, बाळाच्या गळ्यातलं वाघनख, कासवाच्या पाठीचे कंगवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ‘पणजीच्या काळचं आहे हो’ हे त्यापुढं उत्तर होत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या आणि जोडवीही मी घेत नाही. तिथं कायदा आड येत नाही, पण दुसरीच्या सौभाग्याची वस्तू कुणी अंगावर घालत नाही, आणि देणारीलाही नंतर रुखरुख लागते.

खरं तर नाही ना?

खोटं म्हणून विकण्याआधी ते खरं नाही याची खात्री करायची. हे उलटं वाटेल, पण या धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. माझं झालेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका पानाच्या आकाराच्या ब्रोचवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘स्टर्लिंग’ असं उमटवलेलं होतं. मला ते कंपनीचं नाव वाटलं. पाच नगांच्या वाट्यात मी तो देऊन टाकला. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कथील लष्करासाठी राखून ठेवलं, म्हणून १९४२ पासून तिथल्या इमिटेशनवाल्यांनी काही वर्षं चांदीचे दागिने करून त्यांवर सोन्याचं पाणी चढवलं. त्यामुळं त्या शिक्क्यातून धातू कळतो आणि साधारण काळही कळतो.

लोहचुंबकापासून सुरुवात करा. दागिना चिकटला तर आत लोखंड आहे. नुसता हूक चिकटला तर तेवढा हूक नंतर बदललेला असू शकतो किंवा त्यात पोलादी स्प्रिंग असते. चिकटला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि ती घरच्या घरी होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. दागिना आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दागिना दोऱ्यानं पाण्यात असा लोंबकळत सोडा की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. समजा दागिना १७ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात काटा २ दाखवतो, तर उत्तर ८.५, म्हणजे पितळेच्या आसपास. चांदी साधारण १०.५ ला येते, २२ कॅरेट सोनं १७.५ च्या पुढं. आत लाख भरलेल्या, पोकळ किंवा खडे-मणी असलेल्या दागिन्याला ही परीक्षा लागू पडत नाही, आणि आपल्याकडचे निम्मे दागिने तसेच असतात. तरीही सपाट लॉकेट, बिलवर, साधी साखळी यांना ती उत्तम.

संशय राहिला तर टंच, म्हणजे धातूच्या शुद्धतेची तपासणी, काढून घ्या. सराफाकडचं यंत्र क्ष-किरणांनी वाचतं, पण ते फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असला तर यंत्रही फसतं. म्हणून जिथं झीज झाली आहे ती जागा, म्हणजे कडीचा आतला भाग किंवा मागची कड, यंत्राखाली धरायला सांगा.

आबांनी सांगितलेली एक गोष्ट मी अनेकदा वापरली आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने करायला मनाई झाली. सोनारांच्या पोटावर पाय आला. कॅरेटची अट पुढं काही वर्षांत निघाली, कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. त्या दिवसांत केलेला दागिना १४ कॅरेटचा असू शकतो. २२ च्या अंदाजानं लावलेल्या आम्लात त्याची रेघ फिकट पडते आणि घाईतला सराफ तो ‘खोट्यात’ काढतो. साठच्या दशकात लग्न झालेल्या बाईच्या डब्यात असं काही असेल तर दुसऱ्या सराफालाही दाखवा.

आणखी एक शिक्का लक्षात ठेवा. इंग्रजीत ‘१/२०’, पुढं ‘१२ के’ आणि ‘जी एफ’ असं असेल तर तो अमेरिकन पद्धतीचा जाड पत्रा चढवलेला माल. वजनाचा विसावा भाग १२ कॅरेट सोनं, म्हणजे २० ग्रॅमच्या दागिन्यात अर्धा ग्रॅम शुद्ध सोनं. आपल्याकडच्या ‘एक ग्रॅम सोन्याच्या’ दागिन्याचं तसं नाही. त्या नावावरून आत नेमकं एक ग्रॅम सोनं आहे असं कुणी समजू नये.

मागची बाजू वाचायची कशी

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा आणि दागिना उलटा करा. खूण सापडायच्या जागा ठरलेल्या: ब्रोचच्या पिनेखाली, कानातल्या क्लिपेच्या आतल्या अंगाला, हाराच्या हुकावर किंवा हुकाजवळच्या चपट्या पट्टीवर. बोटानं चाचपून उंचवटा लागतो का तेही पाहा. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलचा दिवा आडवा धरा, सरळ नको. आडव्या उजेडात पुसट अक्षरं उठून दिसतात.

आपल्या भागातल्या घरांत अमेरिकन आणि युरोपीय माल कुठून आला, असं लोक विचारतात. आफ्रिकेत, इंग्लंडात, अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांकडून, बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडून, मुंबईच्या दुकानांतून. साडीच्या पदराला ब्रोच लावायची एकेकाळी फार आवड होती. त्यामुळं ट्रिफारी, कोरो, मोने, सारा कॉव्हेंट्री ही अमेरिकन इमिटेशन कंपन्यांची नावं सांगलीच्या गावभागातल्या डब्यांतही निघतात. ट्रिफारीच्या नावावर बऱ्याचदा मुकुटाची खूण असते. आयसेनहॉवर १९५३ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्या समारंभात त्यांच्या पत्नीनं घातलेले मोती ट्रिफारीचेच, आणि खोटेच होते. सारा कॉव्हेंट्री १९४९ मध्ये निघाली. तिचा माल दुकानात नसे, बायकांच्या घरगुती बैठकांत विकला जाई. तो खूप बनला, म्हणून खूप सापडतो, म्हणून स्वस्त. नाव सापडलं की घबाड मिळालं असं नसतं.

नावाशेजारी वर्तुळातलं इंग्रजी ‘सी’ आहे का ते बघा. इमिटेशन दागिना हीसुद्धा कलाकृती आहे आणि तिला स्वामित्वहक्क मिळतो, असा निकाल अमेरिकन न्यायालयानं १९५५ साली ट्रिफारीच्याच दाव्यात दिला. त्यानंतर ही खूण सर्रास आली. ती असेल तर नग बहुधा १९५५ नंतरचा.

देशाचं नाव तर पंचांगासारखं चालतं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० यांच्या मधलं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ ते १९९२ मधलं. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे युद्धानंतर अमेरिकेचा तिथं ताबा होता तेव्हाचं, १९५२ पर्यंतचं. चेक काचेची गोष्ट तर आपल्यालाही जवळची. बोहेमियातल्या गाब्लोन्झ गावातून काचेच्या बांगड्या, मणी आणि बटणं जगभर जात, हिंदुस्थानातही येत. युद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकललं गेलं. त्यांतल्या पुष्कळांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नवी वस्ती वसवली आणि तिला गावाचंच नाव दिलं, नॉयगाब्लोन्झ. म्हणून एकाच घराण्याच्या हातची काच आधीच्या शिक्क्यात चेकोस्लोव्हाकियाची आणि नंतरच्या शिक्क्यात पश्चिम जर्मनीची दिसते.

शिक्का नसेल तर पिना-कड्या बोलतात. ब्रोचची पीन नुसत्या वाकड्या तारेत अडकत असेल, कुलूप नसेल, तर वस्तू पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा आधीची असण्याचा संभव. फिरवून बंद होणारी छोटी टोपी त्यानंतर रूढ झाली. न टोचलेल्या कानासाठी आधी मळसूत्राची कानातली होती, दाबून बसणाऱ्या क्लिपा १९३० च्या दशकात आल्या. खेकड्याच्या नांगीसारखा हूक जुन्या हाराला दिसला तर तो नंतर बसवलेला. दुरुस्ती वाईट नसते. ती लपवणं वाईट. डाग देऊन सांधलेली जागा भिंगातून राखाडी, फुगलेली दिसते. शिशाचा डाग असेल तर भाव सरळ खाली.

इथं एक इशारा. माल शंभर वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू कायदा १९७२ च्या कक्षेत येऊ शकतो. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय चालत नाही आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून ‘अँटिक’ हा शब्द जाहिरातीत मिरवू नका. बहुतेक वेळा तो खोटा असतो, आणि खरा असला तर जास्त अडचणीचा.

खडे, मोती, प्लास्टिक

काचेच्या खड्याच्या मागं चंदेरी बेगड असते, त्यामुळं तो चमकतो. बेगडीला पाणी लागलं की खडा काळवंडतो, मेल्यासारखा दिसतो. खडे कशानं धरले आहेत ते पाहा. धातूची नखं वळवून बसवलेले खडे मेहनतीचे, नुसते चिकटवलेले स्वस्तातले. तेलाच्या तवंगासारखे सप्तरंग खड्यावर दिसले तर तो लेप स्वारोव्हस्की या काचखड्यांच्या कंपनीनं डिओर या फॅशन कंपनीसाठी १९५० च्या दशकाच्या मध्यावर आणला. त्यामुळं तसा ब्रोच ‘पणजीच्या लग्नातला, १९३० चा’ असं कुणी सांगितलं तर ओठातलं हसू दाबायचं.

मोत्याला दातांच्या कडेवर हलकेच घासून पाहायची रीत सगळ्यांना माहीत आहे. खरा खरखरतो, खोटा गुळगुळीत लागतो. मी त्यापेक्षा भोक बघते. खोट्या मोत्यात भोकाच्या कडेला लेपाचा पापुद्रा सुटलेला दिसतो आणि आत काच किंवा प्लास्टिक. नथीतले किंवा कुडीतले जुने मोती वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे असतील आणि दाताला खरखरत असतील तर थांबा. ते बसरा मोती, म्हणजे आखातातले मौल्यवान नैसर्गिक मोती, असू शकतात. नैसर्गिक आणि कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, यांतला फरक डोळ्यांनी सांगता येत नाही, क्ष-किरण लागतात. तेवढ्यासाठी मुंबईच्या रत्न प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च सोसावा.

जुन्या प्लास्टिकचं काम नाकाचं. बांगडी नळाच्या गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरा आणि हुंगा. दवाखान्यातल्या फिनाइलसारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. बेकलंडनं १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक परदेशात संग्राहक हौसेनं घेतात. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, जळक्या दुधासारखा आला तर केसीन. तापवलेली सुई टोचायची युक्ती इंटरनेटवर सापडेल; ती करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं, आणि नाही पेटलं तरी दागिन्याला कायमचं भोक पडतं.

आपला देशी माल

परदेशी नाव शोधताना घरची ठुशी दुर्लक्षू नका. पितळेची, सोन्याचं पाणी दिलेली जुनी ठुशी आणि आजची साच्यातली यांत जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या ठुशीत मणी एकेक सुटा गाठवलेला असतो, म्हणून ती गळ्याबरोबर वळते. साच्यातली पट्टीसारखी ताठ राहते. तन्मणी, चिंचपेटी, बोरमाळ यांत गाठवणी बघा. पटवेकऱ्यानं रेशमी दोऱ्यात गाठवलेला, मागं गोंडा असलेला हार असेल आणि दोरा शाबूत असेल तर उसवू नका. दोरा कुजला असेल तर मात्र पुन्हा गाठवून घ्या, तोही रेशमातच. नायलॉनच्या तारेत ओवलेला तन्मणी कळत्या गिऱ्हाइकाला लगेच खटकतो.

वेल, बुगडी, कुडी यांची फिरकी तपासा. जुनी मळसूत्रं हातानं पाडलेली असायची, म्हणून एका कानाची फिरकी दुसऱ्याला बसत नाही. हा दोष नव्हे, हस्तकामाची खूण आहे. गिऱ्हाइकाला तसंच सांगा, पण डावी-उजवी वेगळ्या पुड्यांत बांधून द्या, नाहीतर तक्रार ठरलेली.

चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी जवळच आहे. त्यामुळं जुन्या डब्यांतली ‘पांढरी’ पैंजणं बऱ्याचदा खरंच चांदीची निघतात, फक्त काळी पडलेली. ती इमिटेशनच्या वाट्यात घालू नका.

साफसफाई, म्हणजे कमीत कमी हात लावणं

सुरुवातीला मी एक निळ्या खड्यांचा ब्रोच रिठ्याच्या पाण्यात भिजत घातला, कारण सोनार सोनं तसंच धुतो. तासाभरानं काढला तर अकरा खडे काळे. त्या दिवसापासून नियम केला: खड्यांचा, मोत्यांचा किंवा चिकटवलेला दागिना पाण्यात बुडवायचा नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, दंतमंजन, सगळं बाद; मुलामा केसाच्याही बारीक भागाइतका असतो आणि तो एकदाच निघतो.

मऊ कोरडा ब्रश, दात कोरायची लाकडी काडी, कानात घालायचे कापसाचे बोळे आणि मऊ सुती कापड, एवढं पुरतं. २०१९ च्या महापुरात भिजलेले डबे अजूनही येतात. त्यांतले दागिने कळकलेले असतात, सांध्यांत हिरवं साचलेलं. तो कळंक आधी काडीनं कोरडाच खरवडा. उरलेल्यावर पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर कापसाच्या टोकानं, फक्त त्या जागी टेकवा, लगेच साध्या पाण्याचा बोळा फिरवा आणि पंख्याखाली उलटा ठेवून वाळवा. कळकलेला नग इतरांपासून वेगळा ठेवा. मुलामा पूर्ण गेला असेल तर नवं पाणी चढवू नका. संग्राहकाला झिजलेला जुना थर चालतो, नवा झळझळीत चालत नाही. रोजच्या वापरासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकानं मागितलं तरच करून द्या आणि बिलावर तसं लिहा.

ठेवायला प्रत्येक नगाला वेगळी हवाबंद पिशवी, आत सिलिकाची पुडी. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. जुन्या धातूत शिसं असू शकतं, म्हणून लहान मुलांच्या हाती काहीच नाही. भातुकलीची सोय दुसरीकडं बघा.

भाव ठरवताना

नवखी माणसं इंटरनेटवर तोच ब्रोच शोधतात, कुणीतरी आठ हजार मागितलेले दिसतात आणि तोच भाव धरून बसतात. मागायला काय, कुणीही काहीही मागतं. ई-बे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर ‘विकले गेलेले’ असा गाळणीचा पर्याय आहे. तो लावून पाहा. किमान पाच विक्री बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा. तो परदेशातला भाव झाला. इथं तेवढा मिळेलच असं नाही, पण भाव चढतो की उतरतो ते कळतं.

मग नगाची अवस्था. माझा अनुभव असा, की एक खडा मेलेला असेल तर गिऱ्हाईक चौथाई भाव तोडतं, खडा गळलेला असेल तर निम्मा, आणि जोडीतलं एकच कानातलं असेल तर भाव विचारतच नाही. आकार मोठा म्हणून किंमत जास्त, हा सोन्याचा नियम इथं चालत नाही. नखभर वाघाचा ब्रोच वीतभर हारापेक्षा महाग जाऊ शकतो.

खरेदीचा भाव उलटीकडून काढा. समजा एखादा संच तुम्ही १,२०० रुपयांना विकू शकाल असं वाटतं. गाठवणी १५०, डबी आणि कुरिअर १३०, परत येणाऱ्या किंवा पडून राहणाऱ्या मालासाठी १२०. उरले ८००. त्यातले निम्मे स्वतःच्या वेळेचे धरले तर देणाऱ्याला ४०० च्या आसपास. हा हिशेब मी घरमालकिणीसमोर कागदावर मांडते. एकदा मांडला की “ताई, तुम्ही आम्हाला फसवताय” हे वाक्य येत नाही. एक मात्र पाळा: वस्तू खरी चांदी किंवा सोनं निघाली तर ती खोट्याच्या भावात घ्यायची नाही. गाव छोटं आहे.

खरेदीची नोंद हवीच. नाव, ओळखपत्राची प्रत, वस्तूचा फोटो, रक्कम, सही. चोरीचा माल घेतल्याचं बालंट आलं तर ही वही कामाला येते. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलं तरी तारीख आणि रक्कम लिहून ठेवते.

विकायचं कुणाला आणि कसं

फोटो सकाळच्या उजेडात, गॅलरीत, साध्या राखाडी किंवा खादीच्या कापडावर. समोरून, मागून, खुणेचा जवळून, आणि दोषाचाही. शेजारी मोजपट्टी. वर्णनात वजन, लांबी, धातू, खूण, अंदाजे दशक, दुरुस्ती. ‘दुर्मिळ’ हा शब्द मी वर्षातून एकदा वापरते.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. नऊवारीवर घालायला जुन्या वळणाचं हवं असणाऱ्या मुली. त्यांना व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम पुरतं, आणि लग्नसराईच्या दोन महिने आधी माल दाखवावा. नाटकाची मंडळी आणि वाई-सातारा भागात चित्रीकरणाला येणाऱ्यांचे वेशभूषाकार. यांना विकण्यापेक्षा भाड्यानं देण्यात जास्त सुटतं, फक्त अनामत रक्कम आधी घ्या आणि परत आल्यावर खडे मोजा. तिसरे संग्राहक. ते मागच्या बाजूचाच फोटो आधी मागतात. अशांसाठी एट्सी हे ऑनलाइन बाजाराचं संकेतस्थळ आहे, तिथं व्हिंटेज म्हणायला वस्तू किमान २० वर्षं जुनी लागते. परदेशी पाठवण्याआधी तिकडची जकात बघून घ्या. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली, तेव्हापासून तिकडच्या छोट्या गिऱ्हाइकांना आमचा माल महाग पडतो.

कराचं थोडक्यात. इमिटेशन दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के आहे. नोंदणी असलेला जुन्या वस्तूंचा विक्रेता, खरेदीवरच्या कराची वजावट घेत नसेल तर, खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो. छोट्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा तर गोष्ट बदलते. एकदा सीएकडं जाऊन विचारा, फी वसूल होते.

पाठवताना ब्रोचची पीन बंद करून तिच्यात जाड कागद अडकवा, खडे खाली न ठेवता वर ठेवा, हार सरळ पट्टीवर बांधा. कापसात थेट गुंडाळू नका, नखांत तंतू अडकतात आणि काढताना खडा निघून येतो. आधी गुलाबी कागद, मग फुगे असलेलं प्लास्टिक, मग पक्कं खोकं. खोकं बंद करताना मोबाइलवर व्हिडिओ काढते. ‘कानातलं एकच आलं’ असं सांगणारी दोन माणसं त्या व्हिडिओमुळं गप्प झाली.

शेवटी जो गाळ उरतो, तुटके हूक, एकेकटी कानातली, मेलेले खडे, तोही फेकत नाही. सुटे मणी आणि साखळ्या वजनावर हस्तकलेच्या वर्गवाल्या मुली नेतात. चांगले खडे दुरुस्तीसाठी आकारानुसार गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांत लावून ठेवते. आणि ‘१/२०’चा शिक्का असलेलं सगळं मोडतोडीचं सामान लोणच्याच्या एका जुन्या बरणीत साठतं. आबा आता थकलेत, पण त्यांचा पुतण्या अजून भट्टी चालवतो. बरणी भरली की ती विट्याला जाते.